उठवलं की थांबायचं

झुंबरबाईवर मी अकरा वर्षं चिडत होते, आणि आपण चिडतोय ते बरोबरच आहे असं त्यातली बहुतेक वर्षं मला वाटत होतं. तिच्याबद्दल लिहू का, म्हणून विचारायला गेले तर म्हणाली, "लिवा की. माझं कायबी लिवा, पर मेंढरांचं नीट लिवा. तुमाला त्यातलं काय कळत न्हाई." परवानगी देता देता समोरच्याची अक्कल काढायची, ही तिची जुनी सवय.

नारायणगावात हायवे सोडून आत वळलं की टोमॅटोच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. एक डॉक्टर, आम्ही दोघी सिस्टर, एक कंपाउंडर आणि झुंबरबाई. मी इंद्रायणी सिस्टर. जुन्नरची, पुण्यात नर्सिंग शिकलेली, घड्याळावर आणि रजिस्टरवर विश्वास असलेली. झुंबरबाई आया. तिच्या माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं. नवरा जानकू अजूनही वर्षातले सात-आठ महिने कळप घेऊन घाटाखाली उतरायचा. ही मात्र एका वर्षी मागे राहिली आणि हॉस्पिटल उघडलं त्याच महिन्यात आमच्याकडे कामाला लागली. का मागे राहिली ते मी कधी विचारलं नाही. फिरतीला कंटाळली असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझ्या तक्रारी सांगते, म्हणजे माझीही बाजू कळेल. ती रोज उशिरा यायची. निमगाव सावाच्या रस्त्याला दीड कोसावर तिची वस्ती. वडापची जीप अगदी तिच्या दारावरून यायची, पण ही बाई चालत. पाऊस असो, ऊन असो, तासाभराची पायपीट करून, पायांना चिखल लावून, मी नुकत्याच पुसून घेतलेल्या फरशीवर. "मला गाडी लागती," म्हणायची. मी तिला उलटीवरच्या गोळ्या दिल्या. त्या तिनं घेतल्या, कनवटीला लावल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत आली.

शिवाय ती बसायची नाही. डॉक्टरांनी तिच्यासाठी मुद्दाम एक स्टूल आणून ठेवलं होतं. त्यावर अकरा वर्षं माझी रजिस्टरं बसली. चहासुद्धा ती दाराला टेकून प्यायची. "बसा ना जरा," म्हटलं की "आमाला सवं न्हाई" एवढंच. समोर कुणी असं ताटकळत उभं असलं की मला चहा गोड लागत नाही, पण हे तिला कोण सांगणार.

डॉक्टरांचा राउंड अर्ध्यावर आला की ही गायब. "मावशी कुठं गेल्या?" असं डॉक्टरांनी विचारायचं आणि उत्तर मी द्यायचं. तिला खोकला झाला असला म्हणजे तर दिवसातून दहा वेळा गायब. जिन्याखाली तिची एक पिशवी असायची, तिच्यात दोन जादा लुगडी. गच्चीवर हॉस्पिटलच्या चादरींच्या मागे तिचं एखादं लुगडं रोज वाळत असायचं. एकदा मी म्हटलं, "हे हॉस्पिटल आहे, धुण्याचा घाट नाही." ती म्हणाली, "पेशंटची भांडी उपसताना भिजतं, बाई." हे पटण्यासारखं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

एवढं असून डॉक्टर तिला कधी बोलले नाहीत, कारण आमच्या हॉस्पिटलला वास नव्हता. ज्यांनी त्या काळातली छोटी हॉस्पिटलं पाहिली आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. मोठ्या माणसांचे डायपर तेव्हा पुण्यातल्या एखाद-दुसऱ्या दुकानात मिळत असतील. आमच्याकडे त्यांचं नावही पोचलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची मांडी मोडली, अंगावरून वारं गेलं, की तो अंथरुणात भिजणारच, असं नातेवाईकांनी, आम्ही आणि खुद्द त्या माणसानं धरून चालायचं. मग लघवीची नळी घालायची आणि पिशवी खाटेला टांगायची. नाहीतर खाली मेणकापड, वर जुनं धोतर, आणि उशाशी उदबत्ती.

झुंबरबाईला हे मान्य नव्हतं. "मानूस वयानं भिजत न्हाई," ती म्हणायची, "येळ चुकली म्हंजी भिजतो." प्रत्येक पेशंटची वेळ ती शोधून काढायची. चहानंतर कितव्या मिनिटाला, जेवणाआधी का नंतर, अंगावर पांघरूण ओढल्यावर की काढल्यावर. हे सगळं ती खाटेमागच्या भिंतीवर कोळशानं मांडायची. वेळेवर भांड्यात झालं तर उभी रेघ, अंथरुणात झालं तर गोल. डॉक्टरांनी दिवाळीला ऑइलपेंट लावून घेतला आणि पाडव्याला सात नंबरच्या भिंतीवर नऊ रेघा आणि चार गोल. मी तिला शंभर पानी वही दिली. ती म्हणाली, "वही उघडून बघाया लागती. भित दिसती." वही तिनं परत केली. भिंत रोज संध्याकाळी मी पुसायची आणि सकाळी तिच्यावर कोळसा.

दुसरी गोष्ट तिच्या थांबण्याची. पेशंटला उठवून बसवलं, पाय खाली सोडले, भांडं दिलं, की ती पाठ फिरवायची आणि नुसती उभी राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सहा नंबर बोंबलतोय, नऊ नंबरची सलाइन संपलीय, मी हाका मारतेय, आणि ही खिडकीतून बाहेर बघत उभी. "झालं का?" असं पेशंटला विचारायचंही नाही. मी विचारलं तर मलाच दटावायची. "उठवलं की थांबायचं असतं, बाई. मेंढरूबी थांबतं."

तर ते मेंढरांचं. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवतात, त्याबद्दल मेंढपाळाला धान्य देतात. सकाळी मेंढपाळाला पुढच्या रानाची घाई असते. पण मेंढरू उठलं की आधी जागेवरच उभं राहतं, मोकळं होतं, आणि मगच चालायला लागतं. हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो पहाटे बांधावर येऊन उभा राहतो आणि सांगतो, "उठवा, पर हाकू नका." त्या थोड्या वेळात जे रानात पडतं त्यासाठीच त्यानं धान्य मोजलेलं असतं. हाकायची घाई केली तर सगळं रस्त्यावर. झुंबरबाईचं सगळं वैद्यकशास्त्र एवढंच होतं आणि ते तिच्या मते पुण्यात शिकवत नव्हते.

सत्त्याण्णव सालच्या थंडीत पारगावचे भगवंत नाना आमच्याकडे आले. सत्तरी ओलांडलेले, उसाचे मोठे बागाईतदार, घरात माणसांचा राबता. डाव्या अंगावरून वारं गेलेलं. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत आणि ताठा तर पुरता शाबूत. आधी तीन आठवडे दुसरीकडे होते, तिथून येताना लघवीची नळी घेऊनच आले. नळीमुळे दोनदा थंडीताप भरून आला होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नळी काढली. दुपारपर्यंत नानांच्या दोन चादरी भिजल्या.

संध्याकाळी त्यांचा मुलगा सुदर्शन डॉक्टरांना दारात गाठून हळूच बोलला. हळूच म्हणजे त्याला वाटलं तेवढं हळू नाही. "डॉक्टर, असं व्हनार असंल तर घरात कसं ठेवायचं? पोरंबाळं हायेत, पै-पावणा येतो. मळ्यात मोटरीशेजारी खोली हाय, लाइट हाय. तिथं खाट टाकलीया. गडी असतो जवळ." सुदर्शन वाईट माणूस नव्हता. बापाच्या आजारपणात तो ऊसतोड सोडून धावत होता. पण बापाची चादर हातात धरायची म्हटलं की त्याचं तोंड कसनुसं व्हायचं, आणि सून म्हणून बायकोनं ते करावं असं म्हणायला कुणीच धजेना. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी सगळं ऐकलं हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस द्या. कोरडे राहायला लागले तर घरी न्या, घरातल्या खोलीत. नाही जमलं तर तुमची मर्जी." मग त्यांनी झुंबरबाईकडे बघितलं. माझ्याकडे नाही, हेही मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून सात नंबरवर महाभारत सुरू झालं. झुंबरबाईनं उठवलं की नाना शिव्या घालायचे. "मेंढरामागची बाई मला मुताया शिकिवनार?" ती पाठ फिरवून उभी. नाना आणखी काय काय बोलायचे. ती खिडकीतून बाहेर बघतच म्हणाली, "तुमी लोकांनी आमाला आजवर थांबिवलं की न्हाई बांधावर? उठवा पर हाकू नका म्हनून? आमी मुकाट्यानं थांबलो. आता आमची पाळी. तुमी थांबा." नानांनी उजव्या हातानं भांडं नीट धरलं. बागाईतदार माणूस, त्यांना ते बरोबर लागलं. आणि दोन मिनिटांनी भांड्यात आवाज आला. झुंबरबाईनं रेघ ओढली.

तीन दिवस बरे गेले. गोल कमी, रेघा जास्त. चौथ्या दिवशी सून आरती डबा घेऊन आली तेव्हा मी तिला म्हटलं, "संध्याकाळनंतर पाणी जरा बेतानं द्या, म्हणजे पहाटेची चादर वाचेल." मी हे नानांच्या खाटेशी उभी राहून बोलले. पंधरा वर्षं नोकरी झालेल्या बाईनं पेशंटच्या कानाशी असं बोलू नये, हे आता मला कळतं.

पाचव्या दिवसापासून सगळं बिघडलं. नानांना घडोघडी लागायचं, भांडं दिलं तर चार थेंब, आणि भांडं काढून घेतलं की अंथरुणात दोन थेंब. दिवसभर गोलच गोल. सहाव्या दिवशी तर भिंत बघवेना. शिवाय अंग कोमट. मी झुंबरबाईला म्हटलं, "बघा तुमची मेंढरं. आता पुन्हा नळी घालावी लागणार." ती भांडं उजेडात नेऊन बघत राहिली. लघवी काळ्या चहासारखी. मग तिनं नानांच्या ओठांकडे बघितलं. मग खिडकीकडे.

खिडकीत रंगाच्या जुन्या डब्यात मी सदाफुली लावली होती. डबा खालून गळत होता, आणि भर थंडीत सदाफुलीची पानं पिवळी पडायला लागली होती. "बाई, झाडाला पानी तुमी घालता?" मी घालत नव्हते. आरतीही घालत नव्हती. नानांचा चांगला हात खिडकीच्या बाजूला होता. आरतीनं भरून ठेवलेला तांब्या गेले दोन दिवस नाना गुपचूप सदाफुलीला पाजत होते. मी बेतानं म्हटलं होतं. त्यांनी पाणी बंदच करून टाकलं होतं.

मग सगळ्यांनी नानांना धारेवर धरलं. डॉक्टरांनी सांगितलं की पाणी कमी केलं की लघवी कडक होते, आतून टोचते आणि माणूस जास्त भिजतो. सुदर्शननं हात जोडले. मी सलाइनची भीती घातली. माझा आवाज सगळ्यात मोठा होता, कारण चूक माझी होती. नाना भिंतीकडे बघून एवढंच म्हणाले, "प्यालं तर व्हतंय. न्हाई प्यालं तर कवातरी थांबंल. माझ्या सुनंनं माझं धुवायचं, न्हाईतर मी गड्यागत मळ्यात पडायचं. त्यापरास तहान बरी." आणि ओठ घट्ट मिटले. आरती डोळ्याला पदर लावून बाहेर गेली. आमच्या हातात दोन दिवस उरले होते.

त्या दुपारी वॉर्डातले बाकीचे पेशंट झोपले होते. सात नंबरच्या शेजारी पडदा लावून केलेली चादरींची खोली होती. मी आत घड्या मोजत होते. पडद्यापलीकडे झुंबरबाई आल्याचं मला पायांवरून कळलं.

"नाना," ती म्हणाली, "तोंड तिकडंच ऱ्हाऊ द्या. मीबी तुमच्याकडं बघत न्हाई. म्हंजी दोघांनाबी सोपं जाईल."

नानांची खाट जराशी करकरली.

"धाकट्याच्या येळंला मी रानात व्हते. कळप हालायचा व्हता. बाळंत झाले आन तिसऱ्या दिशी डोक्यावर बोजा घिऊन घाट उतरले. तवापास्नं माझं आवरत न्हाई. खोकले की व्हतं. हसले की व्हतं. गाडीला खड्डा बसला की व्हतं. बारा वर्सं झाली. कळपामागं चालनं व्हईना म्हनून मी मागं ऱ्हायले."

माझ्या हातात चादर तशीच राहिली.

"पयल्या साली मीबी तुमच्यावानीच केलं. पानी सोडलं. लई शानी समजत व्हते सोताला. तर आग व्हाया लागली, ताप भरला, आन थेंब थेंब चालूच. मग एक दिस पहाटं मेंढरं उठताना बघितली. जलमापास्नं बघतच व्हते, पर त्या दिशी नीट बघितली. तवापास्नं पानी पोटभर पिते आन येळंला जाते. लागलं न्हाई तरी जाते."

"आन त्यानं थांबलं?" नानांचा आवाज कोरडा आला.

"कमी झालं. थांबलं न्हाई. दोन लुगडी असत्यात की जिन्याखाली."

"मग मानसांत वावरती कशी?"

"हुबी ऱ्हाऊन," झुंबरबाई म्हणाली. "बसलं की खुर्चीवर डाग दिसतो."

मग नाना म्हणाले, "मला सांगितलंस. मी बोललो कुटं तर?"

"तुमी कशाला बोलताय. तुमच्या चादरीचं मला ठावं हाय."

नाना हसले. आजारी माणसाचं असतं तसं, घशातल्या घशात. मग तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि नंतर घोटांचा. पहिला पेला संपल्यावर दुसरा ओतला गेला.

मी चादरींच्या ढिगावर बसले. मला इतका राग आला होता की रडू येत होतं. स्टूल, जीप, उलटीच्या गोळ्या, अर्धवट राउंड, गच्चीवरचं लुगडं. अकरा वर्षं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर रोज मांडलेलं होतं, भिंतीवरच्या कोळशाइतकं ठळक, आणि मी ते रोज पुसत होते. स्त्रियांचे आजार या विषयात मी पुण्यात पहिली आले होते. सर्टिफिकेट अजून घरी आहे. आणि राग तिचाही आला. दर बुधवारी आमच्याकडे बाईडॉक्टर यायच्या. त्यांच्या खोलीची फरशी ही बाई अकरा वर्षं पुसत होती, त्यांच्या टेबलावरची चादर बदलत होती. एकदा तोंड उघडायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी मी अगदी सहज म्हणून विचारलं, "झुंबरबाई, बुधवारी बाईडॉक्टरांना दाखवून घ्यायचं का एकदा? अशीच तपासणी." ती म्हणाली, "मला काय धाड भरलीया?" आणि बादली उचलून गेली. पुढे ती बाईडॉक्टरांकडे गेली, ऑपरेशनही झालं, पण त्याला आणखी दीड वर्ष आणि माझी किती डोकेफोड लागली ते मी इथं सांगत बसत नाही.

नाना पाणी प्यायला लागले. सातव्या दिवशी ताप उतरला, लघवीचा रंग निवळला आणि भिंतीवर पुन्हा रेघा दिसायला लागल्या. झुंबरबाईनं आता सुदर्शनला धरलं. "तुमी शिका. सून कशाला? बाप तुमचा हाय." तो म्हणाला, "मला सुदरनार न्हाई, मावशी." तिनं त्याला नानांच्या काखेत हात घालायला लावला, पाय खाली सोडायला लावले, भांडं धरायला लावलं आणि मग पाठ फिरवून उभं केलं. "आता शंभर आकडे मोजा. मनात. आन झालं का म्हनून इचारायचं न्हाई." सुदर्शन एवढा बाप्या माणूस, भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत उभा. पहिल्या वेळी तो सत्तरला वळला आणि तिची बोलणी खाल्ली. संध्याकाळपर्यंत शंभर पुरे करायला लागला. पहिली रेघ त्यानं स्वतः ओढली, ती वाकडी आली.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टर भिंतीपुढे उभे राहिले. आदल्या संध्याकाळी मी ती पुसली नव्हती. आदल्या दिवसापासूनच्या आठ रेघा आणि पहाटेचा एक गोल. डॉक्टरांनी सुदर्शनकडे बघितलं. सुदर्शन म्हणाला, "एका गोलाचं काय न्हाई एवढं. मळ्यातली खाट घरात आनाया सांगून आलोय." नाना छताकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

चार वाजता सुदर्शन जीप घेऊन आला. सोबत आरती आणि भावकीतले दोघंजण नानांना न्यायला आले होते. समोरच्या टपरीवरचे चार लोक उगाच बघायला जमले. निघायच्या आधी सुदर्शननं नानांना उठवून बसवलं, शंभर मोजले, सगळं व्यवस्थित झालं. झुंबरबाई सामान बांधत होती, म्हणून ती शेवटची रेघ मी ओढली. कोळसा हाताला लागला तो लवकर निघाला नाही.

नानांना जीपच्या मागच्या सीटवर बसवलं. झुंबरबाईची ड्यूटी संपली होती. ती पिशवी घेऊन चालायला लागली तशी नानांनी हाक मारली. "तू निमगाव सावाच्या वाटंला ऱ्हाती ना? मग आमच्या वाटंवरच हाय. बस."

"नगं, नाना. मला गाडी लागती."

गेली अकरा वर्षं जे ऐकून मी वैतागले होते तेच ती म्हणाली. नानांनी तिच्याकडे बघितलं. मग मान वळवून ते मोठ्यानं, सुनेच्या, भावकीच्या आणि टपरीवरच्या लोकांच्या देखत बोलले. "सुदर्शन, ऐक. मला घडोघडी लघवीला लागतंय. माझा काय नेम न्हाई. माझं मेनकापड काढ आन ह्या सीटवर आंथर, आख्ख्या सीटवर. गाडी हळू घ्यायची, खड्डा चुकवायचा. मी थांब म्हनलं की थांबवायची, मग कुटंबी असू. आन ही बाई शेजारी पायजेल मला. तुमाला जमत न्हाई."

तीन-चार दिवसांपूर्वी सुनेला धुवायला लागेल म्हणून पाणी सोडणारा हा माणूस. आणि पाच मिनिटांपूर्वी तो मोकळा झाला होता, हे माझ्या हाताला लागलेला कोळसा सांगत होता.

सुदर्शननं मुकाट्यानं मेणकापड काढलं आणि सीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरलं. झुंबरबाई जीपच्या पायरीशी उभी होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मला माहीत आहे हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण मी तिची नजर चुकवली, आणि मी कुणाची नजर चुकवणारी बाई नाही. मग तिनं पाय उचलला, आत चढली आणि नानांच्या शेजारी बसली. अकरा वर्षांत झुंबरबाईला बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

जीप बैलगाडीच्या चालीनं निघाली. मी गेटवर उभी राहिले. तिसऱ्या खड्ड्यानंतर, वळणावरच्या उसापाशी ती थांबली. झुंबरबाई एका बाजूनं उतरली आणि उसाच्या आडोशाला गेली. दुसऱ्या बाजूनं सुदर्शननं नानांना धरून उतरवलं, पाठ फिरवली आणि आकडे मोजायला लागला. मागे टोमॅटोच्या क्रेट भरलेला टेम्पो हॉर्नवर हॉर्न देत होता. नानांनी एका हातानं धरलेली जीप सोडली, पाठ जीपला टेकली आणि तोच चांगला हात टेम्पोवाल्याकडे वर केला, थांब म्हणून.